नळदुर्गच्या वाटेवर भरवसा कोणाचा?

१८५३ च्या मे महिन्यात हैदराबादच्या निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली झाला. नळदुर्गचा कारभार पाहायला जो डेप्युटी कमिशनर आला, त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. हा नुसता वसुली करणारा मुलकी अंमलदार नव्हता. चौदा वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी विलायतेत निघाली होती आणि गाजलीही होती. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसावर विसंबले की काय ओढवते, हाच तिचा विषय.

ठग हा दरोडेखोरासारखा आडरानातून अंगावर येत नसे. तो मुक्कामाच्या ठिकाणी भेटे, अदबीने बोले, कपडे नीटनेटके ठेवी. पुढची वाट धोक्याची आहे, एकट्याने जाऊ नका, असा सल्लाही तोच देई. वाटसरू मग आपण होऊन त्याची सोबत पत्करत. दोन-तीन मुक्काम झाले, ओळख मुरली, की रुमालाचा फास पडे. म्हणजे त्या काळी कोणी चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितला असता, तर सर्वांत आधी तो ठगानेच काढून दाखवला असता. सभ्य दिसणे हा त्याच्या धंद्याचा पहिला भाग होता.

कंपनी सरकारने यावर जो उपाय शोधला तो १८३६ च्या ठगीविरोधी कायद्यात दिसतो. एखाद्या खुनात हात होता हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही; माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढे ठरले की जन्मठेप. आणि ते ठरायचे बहुतेक वेळा माफीच्या साक्षीदाराच्या तोंडच्या शब्दांवर. ठगीचे जे प्रचंड चित्र कंपनीच्या कागदांतून उभे राहिले, ते कितपत खरे यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण कारभाराच्या दृष्टीने एक पायंडा तेव्हा पडला. माणसाने काय केले याच्याऐवजी माणूस कोण आहे, हे सरकार ठरवू लागले.

त्याआधीची दख्खनची रीत निराळी होती. वाटसरूची जबाबदारी गावावर असे. गावकामगाराने वाटाड्या म्हणून पुढच्या शिवेपर्यंत सोबत करायची. चोरी झाली तर माग काढत न्यायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की तिथून पुढे त्या गावाची जबाबदारी. कोणाच्या गाडीत बसावे हे पाटलाला विचारायचे, कारण गाडीवान, त्याचा बाप, त्याचे बैल आणि त्याचे कर्ज, सारे पाटलाला ठाऊक. या पद्धतीत ज्ञान पक्के होते. न्याय मात्र पाटलाच्या मर्जीवर होता. ज्याचे पाटलाशी वाकडे त्याचे भाडे बुडाले, आणि पाटलाचा भाचा कसाही वागला तरी त्याच्याविरुद्ध बोलणार कोण?

१८६० साली या वाटेच्या नशिबात दोन गोष्टी एकदम घडल्या. नळदुर्गचा मुलूख नव्या तहाने निजामाला परत मिळाला, आणि मुंबईहून येणारी आगगाडी सोलापूरला पोचली. त्यामुळे प्रवासाचे दोन तुकडे झाले. मुंबई-पुण्याकडून आलेला माणूस सोलापूरला उतरे तो कंपनीच्या, म्हणजे आता राणीच्या राज्यात. तिथून नळदुर्गपर्यंतचे पंचेचाळीसेक किलोमीटर बैलगाडीने किंवा टांग्याने गाठायचे, आणि मध्ये राज्य बदलायचे. हद्दीवर करोडगिरीचे नाके आले. तिथे मालाची झडती होई, जकात भरावी लागे. गाडीवानाला दोन्हीकडच्या अंमलदारांशी जमवून घ्यावे लागे. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली तेव्हा नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राहिले. कचेरीची कामे, खटले, तुळजापूरची यात्रा, किल्ल्यातला पाणीमहाल पाहायला येणारे पाहुणे, या सर्वांमुळे भाडोत्री गाडीला गिऱ्हाईक होते.

याच सुमारास ब्रिटिश मुलखातल्या शहरांत भाड्याच्या गाड्यांचे कायदे झाले. मुंबईत १८६३ चा सार्वजनिक वाहनांचा कायदा आला. शिग्राम, बग्गी, पुढे व्हिक्टोरिया हाकणाऱ्याने पोलीस कमिशनरकडून परवाना घ्यायचा आणि नंबराचा बिल्ला लावायचा. त्याचे मूळ विलायतेत होते. तिथे १८४७ च्या कायद्याने गावोगावच्या स्थानिक मंडळांना भाडोत्री गाड्यांना आणि त्यांच्या हाकणाऱ्यांना परवाने देण्याचा अधिकार मिळाला होता. लंडनची गोष्ट वेगळी. तिथे हे काम पोलिसांकडे होते आणि १८६५ पासून गल्लीन् गल्ली तोंडपाठ आहे का, अशी परीक्षा कॅबवाल्यांना द्यावी लागे. मुंबईने लंडनचा कित्ता गिरवला आणि परवान्याचे काम पोलिसांना दिले.

हा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण परवाना कोणाच्या टेबलावर जातो, यावर त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल हे ठरते. नगरमंडळाच्या टेबलावर तो शहराच्या सोयीचा प्रश्न असतो: गाड्या किती हव्यात, उभ्या कुठे राहतील, भाडे किती. पोलिसांच्या टेबलावर तो संशयाचा प्रश्न होतो: हा कोण, कुठला, याच्यावर आधी काही आहे का. आपल्याकडे छोट्या गावांतल्या नगरपालिकांच्या वाट्याला टांग्यांवरचा कर आणि अड्ड्याची जागा एवढेच उरले. टांगेवाला कसा माणूस आहे, हे सांगण्याचे काम चौकीकडे गेले आणि आजतागायत तिथेच आहे.

चौकीची नजर कशी होती, हे पाहायला नळदुर्गहून सोलापूरपर्यंतच जावे लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ठगीच्या वेळचा पायंडा पूर्णत्वाला नेला. आता टोळीचाही प्रश्न नव्हता. जन्म कोणत्या जातीत झाला यावर माणूस गुन्हेगार ठरू लागला. सोलापुरात अशा जमातींसाठी सेटलमेंट उभी राहिली. भोवती तारेचे कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायचे तर पास. या कुंपणाआड वाढलेल्या मुलाला चालचलणुकीचा दाखला कोण देणार? १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि तारा तुटल्या. ‘विमुक्त’ हा शब्द त्या दिवसापासूनचा. चौकीच्या नोंदवहीतला संशय मात्र पुढच्या पिढीपर्यंत पुरला. तेव्हा ‘पोलीस पडताळणी’ हे शब्द निर्मळ वाटत असले तरी या भागात त्यांच्यामागे एवढा इतिहास आहे.

मोटार आल्यावर प्रश्न बदलला. मुंबईत १९११ मध्ये टॅक्सी धावू लागली, १९१४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटार वाहन कायदा झाला. घोडा कसा हाकतो हे रस्त्यावरच्या कोणालाही दिसे. मोटार चालवता येते की नाही याची मात्र परीक्षा घ्यावी लागे. म्हणून लायसन आले, आणि लायसन म्हणजे कौशल्याचा दाखला अशी समजूत रुजली. चारित्र्य हा त्याचा शेपटासारखा जोडलेला भाग राहिला. हैदराबाद संस्थानाने तर या अडचणीतून वेगळीच वाट काढली. जून १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने रस्ता वाहतूक खाते उघडले. सुरुवातीला बसगाड्या २७ आणि नोकर १६६. खासगी सर्व्हिस मोटारवाल्याची लायकी तपासत बसण्यापेक्षा ड्रायव्हरच सरकारी नोकर केला की संपले. त्याने दारू पिऊन गाडी चालवली, प्रवाशाशी गैरवागणूक केली, तर खाते त्याला घरी बसवू शकत होते. भरवसा आता माणसावर नव्हता, खात्यावर होता.

हाच भरवसा १९४८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पार उडाला. भारताने हैदराबादशी केलेला जैसे थे करार मोडकळीला आला होता. हद्दीच्या अलीकडे सोलापूर जिल्ह्यात स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या, पलीकडे निजामाच्या बाजूचे रझाकार होते, आणि मधल्या रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीत कोण आहे हा जिवाचा प्रश्न होता. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हुकमतीखाली भारतीय फौज सोलापूरहून याच सडकेने निघाली. पहिले लक्ष्य नळदुर्ग होते, कारण बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागल्याशिवाय रणगाडे हैदराबादकडे सरकत नव्हते. पूल आणि किल्ला त्याच दिवशी ताब्यात आले. त्या दिवशी नळदुर्गपाशी शीख पलटणीचा हवालदार बचित्तरसिंग धारातीर्थी पडला. रस्त्याने चालून आलेली वाहने त्याच्या तुकडीने अडवून पकडली होती. पुढे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्याचे नाव आले. एवढ्या इतमामाने या सडकेवर वाहने क्वचितच अडवली गेली असतील.

संस्थान गेले, केंद्राचे कायदे आले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रांतोप्रांती प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे उभी केली होती. तीच व्यवस्था १९८८ च्या कायद्यात कायम राहिली. आपल्या जिल्ह्यांत जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, पोलीसप्रमुख सदस्य आणि परिवहन अधिकारी सचिव. वाहतुकीच्या धंद्यात ज्याचा पैसा गुंतला आहे त्याला या मंडळात बसता येत नाही, ही कायद्यातली अट चांगली आहे. विलायतेतल्या नगरमंडळाच्या सर्वांत जवळ जाणारी आपली संस्था हीच. पण तिच्यात नळदुर्गचा नगरसेवक नाही, शेजारच्या अणदूरचा सरपंच नाही, रोज प्रवास करणारी शिक्षिका नाही. ती परमिट, भाडे, थांबे ठरवते. चालकाचा प्रश्न तिच्यापर्यंत आला तर फाइल होऊन येतो.

मराठवाड्यातली सरकारी बससेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली आणि नळदुर्गला ‘यष्टी’ मिळाली. यष्टीच्या फेऱ्यांच्या मधल्या फटीत पुढे वडाप, म्हणजे खासगी जीपमधली प्रवासी वाहतूक, शिरले. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, तुळजापूरच्या फाट्यावर, आठवडी बाजाराच्या दिवशी भरभरून जाणारी जीप ज्याने पाहिली नाही तो या जिल्ह्यातला नव्हे. काळी-पिवळी रंगवलेली असो वा साधी पांढरी, ती चालायची ओळखीवर. ड्रायव्हर कोणाचा कोण हे म्हातारीला माहीत, म्हणून ती नातीला त्याच्या पुढच्या सीटवर बसवून देई. पाटलाच्या काळची पद्धत डिझेलवर चालू लागली होती. स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत प्रवासी भरू नयेत हा नियम, क्षमतेपेक्षा जास्त भरल्याचा दंड, हप्त्याची कुरकुर, हे सारे तिच्याभोवती फिरत राहिले. चालक लायक आहे का, हा प्रश्न मात्र कागदावर एकाच ठिकाणी उरला: बॅज.

बॅज म्हणजे प्रवासी वाहन चालवण्याचे अधिकारपत्र आणि छातीवर लावायचा धातूचा बिल्ला. त्यासाठी लायसन, वैद्यकीय दाखला, आणि पोलीस ठाण्याचा चारित्र्य पडताळणीचा कागद. कायद्यातले निकष वाईट नाहीत. १९८८ च्या कायद्याचे कलम १९ सांगते की सराईत गुन्हेगार, सराईत दारुडा, नशेच्या आहारी गेलेला, वाहन गुन्ह्यासाठी वापरणारा किंवा ज्याच्या चालवण्याने लोकांना धोका आहे असा चालक, याचा परवाना काढून घेता येतो. त्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि त्याला अपील करता येते. अडचण अमलात आहे. पोलीस पडताळणी एकच गोष्ट सांगते: या नावावर नोंद आहे किंवा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला, तेव्हा त्या चालकाचे चारित्र्य प्रमाणपत्र बनावट असल्याचे आणि त्याच्यावर आधीही आरोप असल्याचे उघड झाले. देशभर गदारोळ झाला. कागदावर ठसा होता, मागे ओळख नव्हती.

महाराष्ट्रात याच काळात लायकीची चर्चा दुसऱ्याच रुळावर गेली. जानेवारी २०१० मध्ये मंत्रिमंडळाने टॅक्सी परमिटसाठी राज्यातील पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि मराठी लिहिता-वाचता येण्याची अट जाहीर केली आणि लगेच दुसऱ्या दिवशी भाषेची अट सैल केल्याचा खुलासा केला. २०१६ मध्ये रिक्षा परमिटसाठी मराठीची चाचणी सुरू झाली. १ मार्च २०१७ रोजी उच्च न्यायालयाने ती अट बेकायदा ठरवून रद्द केली. स्थानिक भाषा यावी ही अपेक्षा रास्तच आहे; उतारूला पत्ता सांगता आला पाहिजे, आजाऱ्याला ‘दुखतंय’ म्हणता आले पाहिजे. पण भाषा आली म्हणून माणूस भरवशाचा ठरत नाही. मेडोज टेलरच्या ठगांनाही वाटसरूंची भाषा येतच होती.

मग निकष एकेक करून गळू लागले. व्यावसायिक वाहनासाठी आठवी पास असण्याची केंद्राची अट २०१९ मध्ये निघाली, कारण अनुभवी पण न शिकलेल्या चालकांची रोजी त्यावर अडली होती. टॅक्सी, रिक्षा यांसारख्या हलक्या वाहनांसाठी लायसनवर वेगळी व्यावसायिक नोंद नको, असे परिपत्रक केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच काढले होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या प्रवासी-मालवाहू वाहनांसाठी हलक्या वाहनाचे साधे लायसन पुरेसे आहे, यावर शिक्कामोर्तब केले. साध्या लायसनवाल्यांमुळे अपघात वाढतात असा आकडेवारीचा आधार विमा कंपन्यांना दाखवता आला नाही. निकाल योग्यच आहे; कौशल्याचा मुद्दा त्याने मिटवला. पण चारित्र्याची चौकशी आजवर कौशल्याच्या शेपटाला बांधलेली होती. शेपूट सुटले, आता ती बांधायची कशाला?

‘स्थानिक लोकांच्या हाती द्या’ हे उत्तर पटकन सुचते. ते जसेच्या तसे घेऊ नये, असे इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावाने शिकवले. इंग्लंडात १९७६ च्या कायद्याने टॅक्सीचालक सचोटीचा आणि लायक आहे अशी खात्री पटल्याशिवाय नगरपरिषदेने परवाना देऊ नये, असे बंधन आहे. परिषदेची समिती बसते, चालकाला समोर बोलावते, जुन्या शिक्षा, तक्रारी पाहते, प्रश्न विचारते. आपल्या पाटलाच्या चावडीची ही सुधारलेली आवृत्ती. तरीही २०१४ मध्ये प्राध्यापक अलेक्सिस जे यांच्या अहवालाने दाखवले की १९९७ ते २०१३ या काळात रॉदरहॅममध्ये किमान १४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले आणि त्यात काही टॅक्सीचालकांचा वारंवार उल्लेख होता. २०१५ मध्ये लुईस केसी यांच्या पाहणीनंतर सरकारने परिषदेचा कारभार आयुक्तांकडे दिला. टॅक्सी परवान्यांचे काम त्यात आले. पुढे तिथे टॅक्सीत कॅमेरा बंधनकारक झाला, आणि २०२० मध्ये साऱ्या इंग्लंडसाठी परवान्यांचे नवे मानक निघाले. तक्रारी गावातल्या अनेकांना ठाऊक होत्या. कोणाला दुखवायचे नाही म्हणूनही त्यांच्याकडे काणाडोळा झाला.

म्हणजे जवळचा माणूस जाणतो आणि झाकतोही. लांबचा झाकत नाही, पण त्याला काही कळतही नाही. दीडशे वर्षे आपला कारभार या दोन टोकांमध्ये झोके घेत आला: पाटलाकडून चौकीकडे, चौकीकडून खात्याकडे, खात्याकडून संगणकावरच्या अर्जाकडे. प्रत्येक फेरीत निर्णय रस्त्यापासून आणखी लांब गेला.

नळदुर्गच्या लोकांना मात्र जवळीक आणि कागद एकत्र नांदवता येतात. नळदुर्ग आणि अणदूर या शेजारच्या गावांत खंडोबाची मूर्ती एकच आहे. वर्षातला बराच काळ ती अणदूरला असते, उरलेला नळदुर्गला, आणि देव नेताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, देवाचा मामला, तरी कागद होतो. आणि तो चारचौघांत, दर खेपेला नव्याने होतो. ओळख आहे म्हणून लिहिणे टळत नाही, आणि लिहिले आहे म्हणून समोरासमोर येणे टळत नाही.

चालकाच्या परवान्यालाही यापेक्षा वेगळे काही नको. नळदुर्ग ज्या जिल्ह्यात येते त्या धाराशिवच्या परिवहन प्राधिकरणाने तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा उघडी बैठक घ्यावी. प्रवाशांच्या तक्रारी तिथे वाचल्या जाव्यात, नगरपालिकेचा प्रतिनिधी आणि नेहमी प्रवास करणाऱ्या बायका समोर असाव्यात, चालकाला उत्तर देता यावे, आणि निर्णय कारणांसह लिहिला जावा, म्हणजे अपिलात तो तपासता येईल. कलम १९ चे अधिकार आजही आहेत. त्यांना लागणारी माहिती रस्त्यावर आहे आणि सही कचेरीत आहे. टेलरच्या काळात वाटसरूला ठगाबद्दल सांगायला मागे कोणी उरत नसे. आज रोज तेच प्रवासी त्याच चालकाच्या गाडीतून सुखरूप उतरतात आणि त्याच्याबद्दल सगळे जाणतात. त्यांना विचारायची पद्धत तेवढी आपण अजून घालून दिलेली नाही.